नेतृत्व प्रशिक्षण वर्गाला जात आहे; बरोबरीच्या कॅडेटांचे नेतृत्व कसे करावे?

द्वितीय वर्षाचा कॅडेट:

सर्व सदस्यांना नमस्कार. मी सैनिकी अकादमीत दुसऱ्या वर्षाला शिकत आहे. पुढील महिन्यात सुरू होणाऱ्या तीन आठवड्यांच्या नेतृत्व प्रशिक्षण वर्गासाठी माझी निवड झाली आहे, आणि आनंदापेक्षा काळजी अधिक वाटत असल्यामुळे येथे लिहीत आहे. या वर्गात प्रत्येक कॅडेटला आळीपाळीने सेक्शन कमांडर नेमतात. ही नेमणूक कधी चोवीस तासांची असते, तर कधी एखाद्या मैदानी कामापुरती, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांची. तेवढ्या वेळेपुरते बाकीचे आठ जण आपल्या हाताखाली असतात आणि नेमणूक संपली की आपण पुन्हा त्यांच्यातलेच एक होतो.

माझी अडचण नेमकी येथेच आहे. मागच्या सत्रातील सरावात मला एक काम मिळाले होते. आखून दिलेला पट्टा जमिनीला पाय न लावता ओलांडायचा आणि दोन फळ्या, एक ओंडका व एक दोर वापरून एक जड पेटी पलीकडे न्यायची, असे ते काम होते. उपाय मला लगेच सुचला. फळी कोठे टेकवायची हे सांगत बसण्यापेक्षा मीच ती टेकवली, दुसऱ्याने मारलेली गाठ सैल वाटली म्हणून ती सोडून मीच पुन्हा मारली आणि पेटीचे पुढचे टोकही मीच धरले. पेटी वेळेत पलीकडे गेली. माझ्या पत्रकावर मात्र शेरा आला, ‘काम झाले. कमांडर दिसला नाही.’ नंतर प्रशिक्षकांनी मला विचारले की तुमचा सहावा माणूस त्या वेळी काय करत होता, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. तो पूर्ण वेळ मागच्या रेषेवर नुसता उभा होता, हे रात्री त्यानेच मला सांगितले.

मी स्वभावाने अबोल आहे. ज्यांच्याबरोबर एकाच बराकीत राहतो, ज्यांच्याकडून वह्या मागून घेतो, त्यांना आदेश देताना माझा आवाज खाली जातो. आणि मग सांगण्यापेक्षा स्वतः करणे सोपे वाटते. ज्यांनी असे वर्ग केले आहेत किंवा घेतले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की या तीन आठवड्यांची तयारी कशी करावी आणि परीक्षक नेमके काय पाहत असतात.

निवृत्त प्रशिक्षक:

पत्रकावरचा शेरा तुम्हाला कठोर वाटला असेल, परंतु तो तुमच्या हिताचा आहे, आणि तो तुम्ही लपवून न ठेवता येथे मांडलात याचे मला समाधान वाटले. अशी कामे मी अनेक वर्षे घेतली आहेत. पेटी पलीकडे गेली की नाही, याला त्या मैदानावर फारसे महत्त्व नसते. ती जाऊ नये इतकी अवघड रचना कधी कधी आम्ही मुद्दाम करतो, कारण काम फसू लागल्यावर तुकडीचे काय होते हे आम्हाला पाहायचे असते.

ज्याच्या हातात दोर असतो त्याची नजर गाठीवर असते. हा स्वभावाचा दोष नव्हे, शरीराचा नियमच तसा आहे. जेथे हात, तेथे डोळे. म्हणून पहिली गोष्ट अगदी शारीरिक आहे. काम सुरू झाल्यावर तीन-चार पावले मागे आणि थोडे बाजूला असे उभे राहा, की कोणाचीही पाठ तुमच्या आड येणार नाही. दर मिनिटाला मनातल्या मनात माणसे मोजा. आठ जण कोठे आहेत आणि प्रत्येकाच्या हातात काय आहे, एवढेच पाहा. ज्याच्या हातात काही नाही त्याला काम द्या; देण्यासारखे काम नसेल तर वेळ मोजायला सांगा, पुढच्या फळीची तयारी करायला सांगा किंवा मागच्या रेषेवरून धोका दिसतो का ते पाहायला सांगा. तुमचा सहावा माणूस पंचवीस मिनिटे रिकामा उभा राहिला. अशा माणसाचा आपल्या कमांडरवरचा विश्वास त्याच मैदानावर कमी होतो आणि तो पुढच्या कामातही अंग राखून वागतो.

गाठीबद्दल स्वतंत्रपणे सांगतो, कारण त्या गाठीत सगळे आले. गाठ सैल होती, तर ती घट्ट करायला सांगणे हे तुमचे काम होते. ती सर्वांसमोर सोडून तुम्ही स्वतः मारलीत, तेव्हा पेटी सुरक्षित झाली असेल, पण तो कॅडेट पुढे एकही गाठ मनापासून मारणार नव्हता. ‘दुसरा वेढा घे, मग ओढून पाहा’, एवढे पाच-सहा शब्द पुरले असते. जीवाला धोका असेल तेव्हा मात्र हे लागू नाही. तेथे आधी हात घालावा आणि मग बोलावे.

ब्रिटनमधील सॅंडहर्स्टच्या सैनिकी अकादमीत १९६०च्या दशकात नेतृत्व शिकवणाऱ्या जॉन अडेर यांनी तीन वर्तुळांची एक साधी आकृती मांडली होती, जी आज जगभरच्या अनेक सैन्यांत शिकवतात. एक वर्तुळ कामाचे, दुसरे तुकडीचे आणि तिसरे एकेका माणसाचे. आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली. तुम्ही पहिले वर्तुळ पूर्ण केलेत आणि उरलेली दोन तुमच्या नजरेतून सुटली. आकृती पाठ करून मात्र काही साधत नाही. मैदानावर एका वेळी एका वर्तुळात अडकलो आहोत हे ज्याच्या लक्षात येते, त्यालाच तिचा उपयोग होतो.

तयारीत सर्वाधिक वेळ ऑर्डर्स देण्याला द्या. परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, प्रशासन व रसद, कमांड व सिग्नल हा पाच भागांचा साचा तुम्हाला शिकवलेला असेलच. बहुतेक कॅडेट परिस्थितीवर दहा मिनिटे बोलतात आणि उद्दिष्ट घाईत उरकतात. उद्दिष्ट हे एकच वाक्य असावे, त्यात ‘काय’ आणि ‘कशासाठी’ हे दोन्ही असावे, आणि ते सावकाश दोनदा म्हणावे. ‘कशासाठी’ राहून गेले, तर तुम्ही जखमी झालात किंवा वाट चुकलात की तुकडी जागीच थांबते, कारण पुढे काय करावे हे ठरवायला तिच्याजवळ आधारच नसतो. सॅंड मॉडेल, म्हणजे जमिनीवर मांडलेली परिसराची प्रतिकृती, करताना सुतळीने नदी आणि काड्यांनी झाडी दाखवलीत तरी चालते, मात्र उत्तर दिशा आणि अंतराचे प्रमाण चुकता कामा नये. हातात असलेल्या वेळेचा एक तृतीयांश भाग स्वतःच्या विचारासाठी ठेवावा आणि दोन तृतीयांश हाताखालच्यांना तयारीसाठी सोडावा, हा जुना नियम आहे. नवशिका कमांडर नेमके उलटे करतो. शेवटी ‘समजले का?’ असे विचारू नका. सगळे ‘हो’च म्हणतात. एकेकाला त्याचे काम त्याच्या शब्दांत सांगायला लावा.

कवायत मैदान:

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु आवाजाचा प्रश्न त्यात बाजूला राहिला, आणि तो लहान नाही. आवाज खाली गेला की आदेश विनंतीसारखा ऐकू येतो. पलीकडची माणसे मुद्दाम दुर्लक्ष करत नाहीत, तुम्ही बोललात हेच त्यांना कळत नाही.

कवायतीतल्या बहुतेक हुकमांचे दोन भाग असतात. पहिला सूचना देतो, दुसरा कृती घडवतो, आणि दोहोंच्या मध्ये थोडा विराम असतो. त्या विरामात पूर्ण पथक कान टवकारते. मैदानी कामातही हेच करा. आधी नाव घ्या, क्षणभर थांबा, त्या माणसाने तुमच्याकडे पाहिले की मग काम सांगा. असे केल्यास ओरडावे लागत नाही. अबोल माणसांचे आदेश पुष्कळदा अधिक स्पष्ट असतात असा माझा अनुभव आहे, कारण ते कमी शब्द वापरतात. श्वास छातीतून न घेता पोटातून घ्या आणि वाक्याचा शेवट वर उचलू नका, तो खाली टेकवा. रोज पहाटे दहा मिनिटे मोकळ्या मैदानावर पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या मित्राला पाच कामे सांगा आणि त्याने काय ऐकले ते लिहून घ्यायला लावा. महिनाभरात फरक कळेल.

माजी कॅडेट, सिग्नल्स:

मला दुसऱ्याच बाजूवर लिहायचे आहे. तुमच्या वर्गात कमांडर होण्याची पाळी तुम्हाला तीन-चार वेळा येईल. उरलेल्या सर्व वेळी कमांडर दुसरे कोणी असेल. तुमची सगळी काळजी त्या तीन-चार पाळ्यांची आहे, आणि माझीही तशीच होती.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडण्यासाठी मंडळे सुरू केली, तेव्हा विल्फ्रेड बायन या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांत नेता न नेमलेल्या गटाची पद्धत आणली. गटाला काम द्यायचे आणि पुढारी मात्र ठरवायचा नाही. पुढे कोण सरसावतो एवढेच त्यांना पाहायचे होते असा समज असतो. प्रत्यक्षात आपली निवड व्हावी म्हणून धडपडत असताना माणूस शेजारच्या स्पर्धकाकडे लक्ष देतो की त्याला बाजूला सारतो, हे त्यांना पाहायचे होते. तुमच्या तीन आठवड्यांत हीच परीक्षा अखंड चालू असते, फक्त ती कोणी जाहीर करत नाही.

माझ्या वर्गात शेवटच्या आठवड्यात रात्रीची गस्त होती. संध्याकाळपासून पाऊस होता. पहाटे तीनच्या सुमारास कमांडर बदलला आणि आमच्यातला एक अतिशय थकलेला मुलगा पुढे झाला. त्याने नकाशा घेतला, पावले मोजायची दोरी घेतली, वायरलेस सेट ताब्यात घेतला. अर्ध्या तासाने सेट बंद पडला. त्याने बॅटरी काढली, ओल्या बाहीने पुसली, परत बसवली, पुन्हा काढली. जादा बॅटरी माझ्या पिठ्ठूच्या डाव्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत होती. मला ते माहीत होते. तिसऱ्यांदा त्याने बॅटरी पुसली तेव्हाही मी गप्प होते, कारण मला कोणी विचारले नव्हते, आणि माझी पाळी संपली होती, आणि माझी पाळी चांगली झाली होती. दहा मिनिटांनी मी ती दिली. त्या दहा मिनिटांत ठरलेला संपर्क चुकला आणि त्याची नेमणूक असमाधानकारक ठरली.

वर्गाच्या शेवटी प्रत्येक कॅडेट इतरांचे गुणांकन करतो. माझ्या तुकडीने मला खालून दुसरी ठेवले. प्रशिक्षकांच्या पत्रकावर मी वरच्या तिघांत होते. त्या दोन आकड्यांतले अंतर मला आजही खरे वाटते, आणि माझ्या तुकडीने मला नीट ओळखले होते असे मी मानते.

म्हणून आपली पाळी नसताना कमांडरच्या डोक्यात काय चालले असेल याचा अंदाज घेत राहा. त्याने विचारण्याआधी पाणी किती उरले, बॅटरी कोणाकडे, कोणाचा पाय दुखतो आहे, एवढे त्याच्या कानावर घाला. त्याच्यावर मत लादू नका. माहिती द्या आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

पायदळातील एक अधिकारी:

थोडक्यात लिहितो. पहिल्या चार दिवसांत बहुतेक कॅडेट पायांमुळे मागे पडतात, डोक्यामुळे नव्हे. बूट नवे नेऊ नका. मोजे रोज बदला, ओले झाले तर लगेच बदला, आणि फोड येण्याआधी जी जागा गरम लागते तेथेच पट्टी लावा. रात्रीच्या मुक्कामात कमांडरने स्वतः प्रत्येकाचे पाय पाहावेत. अशा वेळी माणसे जे बोलतात ते इतर वेळी बोलत नाहीत.

झोप हा दुसरा मुद्दा आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले होते की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. तुम्ही त्याहून अधिक जागणार आहात, तेव्हा स्मरणशक्तीवर विसंबू नका. वेळ, अंतर, बेअरिंग (होकायंत्रावरचा दिशेचा कोन) आणि कोणाला काय काम दिले, हे सारे पाणी न लागणाऱ्या वहीत पेन्सिलीने लिहा. आपल्याला झोप आवरत नाही हे टुआयसीला, म्हणजे आपल्या दुय्यम कमांडरला, सांगण्यात कमीपणा नाही.

दिशादर्शनाचे गणितही आधीच करून ठेवा. बेअरिंग एका अंशाने चुकले तर एका किलोमीटरवर तुम्ही सुमारे सतरा मीटर बाजूला जाता. तीन अंशांची चूक दोन किलोमीटरवर शंभर मीटरांहून अधिक होते, आणि अंधारात शंभर मीटर म्हणजे दुसरीच टेकडी. चालीच्या अंदाजासाठी विल्यम नेस्मिथ यांचा १८९२चा नियम अजून वापरतात. त्यानुसार पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. हा नियम दिवसा चालणाऱ्या निरोगी माणसासाठी आहे. पाठीवर वजन आणि डोक्यावर रात्र असेल तर त्यात भर घाला. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला अर्धा तास लागतो, ती एका पांढऱ्या टॉर्चने क्षणात जाते. नकाशा मंद लाल प्रकाशात पाहा.

द्वितीय वर्षाचा कॅडेट:

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. बॅटरीचा प्रसंग मी तीनदा वाचला. एक शंका उरली आहे. माझ्या तुकडीत माझा सर्वांत जवळचा मित्र असणार आहे. माझी पाळी असली की तो हसण्यावारी नेतो, आदेश मुद्दाम सावकाश पाळतो. त्याच्या मनात वाईट काही नाही हे मला माहीत आहे, परंतु इतर जण त्याच्याकडे पाहतात. त्याला सर्वांसमोर बोलावे, तर मैत्री जाईल असे वाटते. न बोलावे, तर तुकडी हातातून जाते.

निवृत्त प्रशिक्षक:

आदेश देण्याच्या वेळी हा प्रश्न सोडवायला गेलात तर उशीर झालेला असेल. वर्गाला निघण्यापूर्वी एका संध्याकाळी त्याला बाजूला घ्या आणि येथे लिहिलेत तेच त्याला सांगा, की तुझ्या हसण्याने माझे आठ जण सुटतात. त्याच्या पाळीच्या वेळी तुम्ही कसे वागणार आहात, हेही सांगा आणि तसेच वागा. बरोबरीच्या माणसांत अधिकार उसना असतो. आज तुम्ही त्याला दिलात तरच उद्या तो तुम्हाला देईल.

त्याला तुकडीतले खरे काम द्या, दिखाऊ नव्हे. टुआयसी करा, रसद सोपवा, त्याच्या चुकीने सर्वांचे अडेल असे काही द्या. बहुतेक थट्टेखोर कॅडेटांना आपण गंभीरपणे घेतले जात नाही असे वाटत असते. तरीही सुधारला नाही, तर काम थांबवू नका. त्याचे नाव घ्या, थांबा, काम पुन्हा एकदा त्याच शब्दांत सांगा, आणि दुसऱ्याकडे वळा. खडसावायचेच असेल तर ते नेमणूक संपल्यावर, एकांतात. शस्त्र, दोर, उंची किंवा पाणी यांच्याशी संबंध असेल तर मात्र मित्र असो वा कोणी, तेथल्या तेथे आणि सर्वांसमोर थांबवा.

प्रत्येक कामानंतर चर्चा होते, तीत पहिली चूक स्वतःची सांगा. काय घडायला हवे होते, काय घडले, का घडले आणि पुढच्या वेळी काय करायचे, हे चार प्रश्न अमेरिकी सैन्यात १९७०च्या दशकापासून सरावानंतर विचारले जातात, आणि त्यांचे बळ यात आहे की पदाने सर्वांत वरचा माणूसही त्यांची उत्तरे सर्वांसमोर देतो. कमांडर स्वतःला वाचवू लागला की सगळी तुकडी स्वतःला वाचवू लागते.

द्वितीय वर्षाचा कॅडेट:

वर्ग संपून चार दिवस झाले. निकाल अजून आलेला नाही, तरी आपण सर्वांनी वेळ दिलात म्हणून कळवतो.

मित्राशी निघण्याआधी बोललो. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की मला वाटायचे तुला माझ्या हसण्याने धीर येतो. माझ्या पहिल्या पाळीत त्याला टुआयसी केले. दुसऱ्या पाळीत पुन्हा फळ्या आणि ओंडक्यांचे काम मिळाले. मी चार पावले मागे उभा राहिलो आणि हात पाठीमागे बांधले, कारण ते आपोआप पुढे जात होते. काम अपुरे राहिले. पेटी शेवटच्या टप्प्यावर असताना वेळ संपली. चर्चेत प्रशिक्षकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, की तुमचा सहावा माणूस काय करत होता. या वेळी मी आठही जणांचे सांगितले. सहाव्याच्या हातात दोराचे मागचे टोक होते आणि त्याच्या उजव्या तळहाताला दोर घासून कातडे निघाले होते, म्हणून मी त्याची बाजू बदलली होती.

माझी पाळी नसतानाचा एक प्रसंग आहे. अखेरच्या रात्री कमांडर असलेल्या कॅडेटला नकाशावरचा ओढा सापडत नव्हता आणि त्याचा आवाज चढू लागला होता. मी गेली दोन वळणे पावले मोजत होतो. मी त्याच्याजवळ जाऊन फक्त आकडा सांगितला, अकराशे चाळीस. त्याने वही उघडली, लाल प्रकाशात थोडा वेळ पाहत राहिला आणि तुकडीला डावीकडे वळवले.